ईसीजीच्या कागदावर ‘अ‍ॅबनॉर्मल’ छापून आले तर

वस्तीतल्या शिबिरात ईसीजी काढला, वरच्या कोपऱ्यात ‘अ‍ॅबनॉर्मल’ असे छापून आले, की घरात रडारड सुरू होते. ते शब्द डॉक्टरांचे नसतात. मशीन ठोक्यांची मापे घेऊन स्वतःच छापते आणि पुष्कळदा चुकते. डॉक्टरांनी पट्टी पाहून, माणसाला तपासून सांगितले तेच खरे धरा.

प्रत्येक ठोक्याआधी हृदयातून बारीक वीज फिरते, तिची वाट कागदावर उमटते. पाच मोठे चौकोन म्हणजे एक सेकंद. दोन उंच टोकांमध्ये चार मोठे चौकोन असतील तर मिनिटाला ७५ ठोके.

‘सायनस टॅकिकार्डिया’ म्हणजे ठोके १०० च्या वर. ताप, भीती, अंगात रक्त कमी, यांनीही ते वाढतात. अशा वेळी आधी हिमोग्लोबिन तपासा. ‘आरबीबीबी’ धडधाकट माणसातही दिसतो. ‘एलबीबीबी’ आला तर मात्र इको करून घ्या. ‘एलव्हीएच’ आला तर बीपी मोजा. बरीच वर्षे बीपी वाढलेले राहिले की हृदयाची भिंत जाड होते.

‘एट्रियल फिब्रिलेशन’ मात्र सोडू नका. यात ठोके कसेही, बेताल पडतात, हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर लकवा. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात तिथे मुलांचा घसा वारंवार धरतो, मग सांधे सुजतात. त्या तापाने झडप खराब होते आणि हा आजार तरुणपणीच गाठतो. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

बायकांसाठी एक गोष्ट. छातीवरचे रबरी फुगे ठरलेल्या जागीच लागायला हवेत. लाजेपोटी ब्लाउजच्या कडेने कुठेही लावले तर पट्टी चुकते. पडदा मागा, बाई कर्मचारी मागा. तो तुमचा हक्क आहे.

उलटही होते. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखतोय, आणि पट्टी ‘नॉर्मल’! एक पट्टी साधारण दहा सेकंदांचीच असते, अटॅक सुरू होताना ती साधी दिसू शकते. घरी परतू नका. थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी मागा. मधुमेही माणसाला आणि बायकांना कधी दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळते. गॅस समजून सोडा पाजत बसू नका, १०८ ला फोन करा. ‘एसटी एलेव्हेशन’ असेल तर रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते, तिथे मिनिटे मोजायची असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या.

जुनी पट्टीही न्या. बदल नवा की जुना, हे डॉक्टरांना तिच्यावरूनच कळते. त्या कागदावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा मोबाईलमध्ये फोटो घ्या.