घरातल्या घरात ताळमेळ

स्मार्टफोनमधील छायाचित्रे, टिपणे, ध्वनिमुद्रणे आणि हिशेबाच्या फाइली घरच्या संगणकावरही तशाच्या तशा असाव्यात आणि एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचावा, या व्यवस्थेला रोजच्या बोलण्यात ‘सिंक’ म्हणतात. मराठीत तिच्यासाठी ‘ताळमेळ’ हा शब्द अधिक नेमका ठरतो, कारण रोजकीर्दीतल्या नोंदी खतावणीतल्या नोंदींशी पडताळून पाहण्याच्या कामाशी तिचे नाते निव्वळ नक्कल करण्यापेक्षा कितीतरी जवळचे आहे. नकलेत एक मूळ असते आणि एक प्रत असते. ताळमेळात दोन्ही वह्या चालू असतात, दोन्हींत नवे लिहिले जाते, आणि दोन्हींत लिहिलेले खरे मानावे लागते.

क्लाउड म्हणजे एखाद्या कंपनीच्या ताब्यातली, इंटरनेटवरून वापरायची साठवण. ती मध्ये असली की फोन आणि घरचा संगणक एकमेकांशी बोलतच नाहीत, दोघेही त्या तिसऱ्याशी बोलतात, आणि कोणती प्रत ताजी, कोणती शिळी, पुसलेली फाइल किती दिवस जपायची, हे सगळे निर्णय तो तिसरा परस्पर घेऊन मोकळा होतो. जून २०२१ पासून गूगल फोटोजमध्ये चढवलेली नवी छायाचित्रे १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजली जाऊ लागली, आणि त्यानंतर हा प्रश्न खाजगीपणापुरता न राहता खर्चाचाही झाला. हा तिसरा पक्ष वगळता येतो, आणि घरातली छायाचित्रे घरातच राहावीत असे वाटणाऱ्याने तो जरूर वगळावा. परंतु त्याच्याबरोबर त्याचे निर्णय नाहीसे होत नाहीत, ते घरच्या माणसांकडे परत येतात. क्लाउडविना ताळमेळ साधण्याचे कौशल्य म्हणजे हे परत आलेले निर्णय ओळखणे आणि आधीच घेऊन ठेवणे.

ही कल्पना नवी नाही. १९९६ साली आलेल्या पाम पायलट या खिशात मावणाऱ्या संगणकाबरोबर एक बैठक मिळे. उपकरण तिच्यात ठेवून ‘हॉटसिंक’ नावाचे बटण दाबले की तारेने जोडलेल्या मोठ्या संगणकाशी पत्ते आणि दैनंदिनी यांचा मेळ बसे. बदललेल्या प्रत्येक नोंदीवर उपकरण खूण करून ठेवत असे, आणि एकच नोंद दोन्हीकडे बदललेली आढळली तर दोन्ही रूपे ठेवून निवड माणसावर सोपवली जाई. मधल्या काळात उपकरणे हजारो पटींनी वेगवान झाली, तरी या शेवटच्या मुद्द्यावर आजच्या साधनांनाही याहून चांगले उत्तर सापडलेले नाही.

सर्वांत सोपा मार्ग अर्थातच केबलचा. अँड्रॉइड फोन केबलने जोडला तर तो पेनड्राइव्हसारखा का वागत नाही, हे मात्र समजून घ्यावे लागते. पूर्वीचे फोन आपली साठवण जशीच्या तशी संगणकाच्या हवाली करत, आणि तेवढा वेळ फोनला स्वतःलाच ती वापरता येत नसे, कारण एकाच वहीत दोघे एकाच वेळी लिहू लागले तर वहीच खराब होते. त्याजागी ‘मीडिया ट्रान्स्फर प्रोटोकॉल’, म्हणजे एमटीपी, ही पद्धत आली. तिच्यात साठवण फोनच्याच ताब्यात राहते आणि संगणक एकेक फाइल मागून घेतो, जसे ग्रंथालयात वाचकाला कपाटापर्यंत न जाऊ देता पुस्तक खिडकीवर आणून दिले जाते. या पद्धतीत सुरक्षितता आहे, पण वेग नाही. शेकडो छायाचित्रांचा फोल्डर उघडताना ती रेंगाळते, नकलेत फाइलीची मूळ तारीख बऱ्याचदा हरवते, आणि काय नकलले व काय राहिले याची नोंद कोणीच ठेवत नाही. वर्षातून दोनदा फोन रिकामा करण्यापुरती केबल उत्तम. रोजच्या ताळमेळाला ती पुरत नाही.

रोजच्या कामासाठी घरच्या वाय-फायवरून चालणारी जी साधने आहेत, त्यांत सिंकथिंग हे मुक्त सॉफ्टवेअर बारकाईने पाहण्याजोगे आहे. याकोब बोर्ग या स्वीडिश प्रोग्रामरने सुरू केलेल्या या प्रकल्पाची पहिली आवृत्ती २०१३ च्या अखेरीस निघाली. त्यात खाते काढावे लागत नाही आणि संकेतशब्दही लागत नाही. पहिल्यांदा सुरू होताना ते प्रत्येक उपकरणासाठी एक डिजिटल प्रमाणपत्र तयार करते आणि त्या प्रमाणपत्राच्या गणिती ठशापासून ५६ चिन्हांची ओळख बनवते, जी ७ चिन्हांच्या ८ गटांत मांडलेली दिसते. या ओळखीत रोमन अक्षरे आणि २ ते ७ एवढेच अंक येतात. शून्य, एक आणि आठ मुद्दाम वगळलेले आहेत, आणि कोणी ते चुकून टंकलेच तर त्यांच्याशी साम्य असलेली ओ, आय आणि बी ही अक्षरे समजून घेतली जातात. प्रत्यक्षात संगणकाच्या पडद्यावरचा क्यूआर कोड फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरला की टंकण्याची वेळ येत नाही. तरीही जोडणी तिथे पूर्ण होत नाही: फोनने संगणकाचे नाव नोंदवले तरी संगणकाच्या पडद्यावर ‘अमुक उपकरण जोडू इच्छिते’ अशी विचारणा येते, तिला होकार द्यावा लागतो, आणि त्यानंतर प्रत्येक फोल्डरसाठी पुन्हा देणाऱ्याने देऊ करणे आणि घेणाऱ्याने स्वीकारणे असा व्यवहार होतो. दोन्हीकडून होकार झाल्याशिवाय एकही फाइल हलत नाही, आणि जी हलते ती कूटबद्ध होऊन, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही अशा रूपात, जाते.

इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. उपकरणे एकमेकांना शोधण्यासाठी घरच्या जाळ्यात ठरावीक अंतराने हाक देतात, पण त्याखेरीज इंटरनेटवरील शोधसेवा आणि थेट जोडणी न जमल्यास मध्यस्थी करणारे रिले संगणक यांचा वापरही मुळातच चालू ठेवलेला असतो. रिलेला मजकूर वाचता येत नाही हे खरे, पण ज्याला सर्व व्यवहार घराच्या भिंतींच्या आतच ठेवायचा आहे त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ग्लोबल डिस्कव्हरी’ आणि ‘रिलेइंग’ या दोन्ही खुणा काढून टाकाव्यात. तसे केल्यावर पावसात इंटरनेटची तार तुटली तरी राउटरला वीज असेपर्यंत ताळमेळ चालू राहतो. याउलट फोन राउटरच्या ‘गेस्ट’ जाळ्यावर असेल तर दोन्ही उपकरणे एकाच खोलीत असूनही त्यांना एकमेकांची हाक ऐकू येत नाही, कारण पाहुण्यांची उपकरणे घरच्या उपकरणांपासून वेगळी ठेवणे हेच त्या जाळ्याचे काम आहे.

जोडणी झाल्यावर दोन्ही बाजू आपापल्या फाइलींची यादी करतात. प्रत्येक फाइल किमान १२८ केबीच्या आणि मोठ्या फाइलींसाठी १६ एमबीपर्यंतच्या तुकड्यांत मोजली जाते, प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढला जातो, आणि ठसे जुळत नाहीत तेवढेच तुकडे पाठवले जातात. बदललेला भागच पाठवण्याचा हा विचार लोकप्रिय केला तो ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांच्या १९९६ च्या आरसिंक या साधनाने, आणि ते आजही संगणकतज्ज्ञांच्या रोजच्या वापरात आहे.

कोणती प्रत ताजी हे ठरवताना घड्याळावर भरवसा ठेवता येत नाही, कारण दोन उपकरणांची घड्याळे जुळलेली असतीलच असे नाही. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या एका शोधनिबंधात घड्याळाऐवजी घटनांचा क्रम मोजण्याची दिशा दाखवली, आणि त्याच विचारातून पुढे प्रत्येक फाइलीबरोबर प्रत्येक उपकरणाचा एकेक आकडा ठेवण्याची पद्धत आली. समजुतीपुरते असे मानावे की घरखर्चाच्या फाइलीवर ‘संगणक ३, फोन ५’ अशी नोंद आहे. फोनवर एक ओळ वाढली की ती ‘संगणक ३, फोन ६’ होते, आणि ही नोंद आधीची नोंद पोटात घेऊन पुढे गेलेली असल्याने ती निर्विवाद ताजी ठरते. पण फोन बाजारात असताना त्यावर भाजीचा खर्च लिहिला गेला आणि त्याच वेळी घरी संगणकावर वीजबिल लिहिले गेले, तर एकीकडे ‘संगणक ३, फोन ६’ आणि दुसरीकडे ‘संगणक ४, फोन ५’ असे होते, आणि यांपैकी कोणतीच नोंद दुसरीला पोटात घेत नाही. फोन घरच्या वाय-फायच्या टप्प्यात आला की थोड्याच वेळात फोल्डरमध्ये दोन फाइली दिसू लागतात: एक मूळ नावाची, आणि दुसरी त्याच नावापुढे ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ हे शब्द, दिनांक, वेळ आणि उपकरणाच्या ओळखीचा तुकडा जोडलेली. आधी बदललेल्या प्रतीला हे लांब नाव मिळते. दोन्ही फाइली शेजारी उघडून वीजबिलाची ओळ भाजीच्या ओळीखाली आणून ठेवणे आणि मग जादा फाइल पुसणे, हे काम माणसालाच करावे लागते. ते टाळण्याचा खात्रीचा उपाय एकच: फोनवरून लिहायची फाइल आणि संगणकावरून लिहायची फाइल वेगळी ठेवावी आणि महिन्याअखेरीस त्यांची बेरीज करावी.

सर्वांत जास्त नुकसान होते ते पुसण्याच्या बाबतीत. ताळमेळात पुसणे हाही एक बदलच असतो आणि तो इतर बदलांइतक्याच निष्ठेने पलीकडे पोहोचवला जातो. फोनची जागा भरली, छायाचित्रे संगणकावर गेलेलीच आहेत अशा समजुतीने ती फोनवरून काढून टाकली, आणि काही वेळात ती संगणकावरूनही गेली, हा प्रकार साधनाच्या दोषाने घडत नाही, साधनाने आपले काम चोख बजावल्यामुळे घडतो. फोनच्या बाजूला फोल्डर ‘फक्त पाठवणारा’ आणि संगणकाच्या बाजूला ‘फक्त घेणारा’ असा ठेवला तरी पुसण्याचा बदल पोहोचतोच. म्हणून संगणकावर त्या फोल्डरसाठी जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू करणे अनिवार्य मानावे. तिच्या टप्प्याटप्प्याच्या प्रकारात पहिल्या ३० दिवसांसाठी दिवसाला किमान एक आवृत्ती राखली जाते आणि पुढे ठरवलेल्या मुदतीपर्यंत आठवड्याला एक. मात्र ही सोय पलीकडून आलेल्या बदलांनाच लागू पडते. संगणकावर बसून संगणकावरचीच फाइल पुसली तर संगणक तिची आवृत्ती ठेवत नाही. पुसण्याचा धोका रचनाकारांनाही पुरता ठाऊक आहे, आणि त्याची साक्ष प्रत्येक फोल्डरमध्ये सापडणाऱ्या ‘एसटीफोल्डर’ या छोट्याशा लपलेल्या खुणेत मिळते. ही खूण दिसली नाही, उदाहरणार्थ मेमरी कार्ड सैल होऊन फोल्डर रिकामा भासला, तर ‘सगळे पुसले गेले’ असा अर्थ न काढता ताळमेळ तिथेच थांबवला जातो.

मराठीत फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी दोन अडचणी खास आहेत आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकसंध चिन्ह म्हणून किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. मॅक संगणकांची जुनी साठवणपद्धत नावे फोडून ठेवत असे, लिनक्स मात्र दिलेले रूप तसेच ठेवते. त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारे नाव यंत्राला दोन नावे वाटू शकते आणि एकाच फाइलीच्या दोन प्रती तयार होतात. सिंकथिंगमध्ये नावांचे रूप एकसारखे करण्याची सोय आहे, केबलने केलेल्या नकलांना ती मिळत नाही. दुसरी अडचण लांबीची. लिनक्स आणि अँड्रॉइडवर फाइलीचे नाव २५५ बाइटांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तासह, ३ बाइट घेते. ‘ज्ञानेश्वरी’ हा ४ अक्षरांचा शब्द ११ चिन्हांचा, म्हणून ३३ बाइटांचा होतो, आणि सगळे मिळून ८५ चिन्हे झाली की नाव संपते. विंडोजवर मर्यादा बाइटांची नसून चिन्हांची असल्याने तिथे दिलेले ऐसपैस मराठी नाव फोनवर उतरतच नाही. नाव आटोपशीर ठेवावे आणि तपशील फाइलीच्या आत लिहावा.

पत्ते आणि दैनंदिनी यांचा मेळ फाइलींच्या वाटेने बसत नाही. त्यासाठी कार्डडॅव्ह आणि कॅलडॅव्ह ही खुली मानके आहेत, आणि घरच्या संगणकावर रॅडिकेलसारखा छोटा सर्व्हर चालवून ती वापरता येतात. फाइलींपुरते बोलायचे तर आयफोनवर पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या अ‍ॅपना फारशी मुभा नसल्याने तिथे केबल किंवा मॅकमधील फाइंडर हाच व्यवहार्य मार्ग उरतो. अँड्रॉइडवरही २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून बॅटरी वाचवण्यासाठी निजलेल्या फोनमधली अ‍ॅप थांबवली जातात, म्हणून सिंकथिंगला त्या नियमातून सूट द्यावी लागते. फोन चार्जिंगला लावलेला असतानाच चालावे अशी अट घालणे हा त्यातला समंजस मध्यममार्ग आहे. सिंकथिंगच्या अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅपची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये निघाली आणि त्यानंतरचे काम स्वयंसेवकांनी चालवलेल्या वेगळ्या शाखेकडे आहे, हेही नव्याने सुरुवात करणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

दोन ठिकाणी असलेली फाइल म्हणजे बॅकअप नव्हे, कारण ताळमेळ चूकही दोन्हीकडे नेतो. महिन्यातून एकदा जोडून पुन्हा काढून ठेवलेली तिसरी हार्डडिस्क हाच खरा बॅकअप. आणि ज्या दिवशी जोडणी पूर्ण होईल त्याच दिवशी, एकही जुने छायाचित्र काढण्यापूर्वी, बिनमहत्त्वाची एक फाइल फोनवरून मुद्दाम पुसावी, ती संगणकावरून गेलेली पाहावी, आणि जुन्या आवृत्त्यांच्या फोल्डरमधून ती स्वतःच्या हाताने परत आणून पाहावी.