बर्फाची नदी आटते आहे

स्वित्झर्लंड म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? पांढराशुभ्र बर्फ, त्यात शिफॉनची साडी नेसून गाणं म्हणणारी नायिका आणि ‘हिला थंडी कशी वाजत नाही?’ हा आपला जुना प्रश्न! हल्ली मात्र लहान गावांतल्या बायकाही भिशीचे, शिलाईचे पैसे वर्षानुवर्षं साठवून हा बर्फ बघायला निघतात. अशाच एका ग्रुपबरोबर मी युंगफ्राउयोखला जाऊन आले. तिथं मौज तर केलीच. पण मैत्रिणींनो, तिथली हिमनदी पाहताना आपल्याकडच्या विहिरी आठवत राहिल्या.

युंगफ्राउ म्हणजे कुमारिका. या डोंगराच्या खांद्यावरच्या खिंडीत, 3,454 मीटर उंचीवर, युरोपातलं सर्वांत उंच रेल्वे स्टेशन आहे. ग्रिंडेलवाल्ड गावात आमच्यातल्या साठी ओलांडलेल्या एक काकू म्हणाल्या, ‘‘माझे गुडघे दुखतात गं, मी खालीच बसते.’’ टूर मॅनेजर हसून म्हणाला, ‘‘काकू, चढायचं कुठं आहे? डोंगराच्या पोटातून गाडी जाते!’’

आणि खरंच तसं आहे. 2020 च्या डिसेंबरपासून सुरू झालेल्या केबल कारनं पंधरा मिनिटांत आपण 2,320 मीटरवर पोहोचतो. पुढं दातेरी रुळाची गाडी. तिचा सुमारे सात किलोमीटरचा मार्ग बोगद्यातूनच आहे. 1896 साली काम सुरू झालं आणि 1 ऑगस्ट 1912 ला गाडी वर पोहोचली. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, तो उद्योगपती आडोल्फ ग्वायर-त्सेलर 1899 मध्येच गेला. खडक फोडणारे मजूर बहुतेक इटलीहून आलेले. कित्येकांचे प्राण या कामात गेले. मध्ये एका स्टेशनात गाडी पाच मिनिटं थांबते. खडकात कोरलेल्या खिडकीतून बाहेर पाहिलं, की तडे गेलेला निळसर बर्फ दिसतो. तो बघताना त्या मजुरांची आठवण ठेवावी.

वर हवा विरळ. श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे एक तृतीयांश कमी. त्यामुळे मॅनेजरची सक्त ताकीद होती : पळायचं नाही, जिने सावकाश चढायचे, घोट घोट पाणी प्यायचं, गरगरलं तर लपवायचं नाही. ‘सगळ्यांना माझ्यामुळे उशीर नको’ म्हणून दुखणं लपवायची आपली सवय इथं अंगाशी येऊ शकते. हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट, पकड असलेले बूट आणि काळा चष्मा हवाच. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना फार लागतं.

बर्फ कोरून केलेला महाल पाहून लिफ्टनं आम्ही वरच्या गच्चीवर गेलो आणि समोर ती दिसली. आलेच हिमनदी! आल्प्समधली सर्वांत मोठी, वीस किलोमीटरहून अधिक लांब. काकू म्हणाल्या, ‘‘नदी म्हणता, मग पाणी कुठाय?’’

प्रश्न अगदी बरोबर होता. वर्षानुवर्षं पडलेला हिम दाबला जाऊन त्याचा बर्फ होतो आणि स्वतःच्याच वजनानं तो उताराकडे सरकतो. डोळ्यांना कळत नाही. पण काही ठिकाणी तो वर्षाला दीडशे मीटरहून जास्त पुढं जातो. एके ठिकाणी त्याची जाडी सुमारे 800 मीटर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस जसा एकीकडे अरबी समुद्राला आणि दुसरीकडे बंगालच्या उपसागराला जातो, तसंच या खिंडीचं आहे. एका बाजूचं पाणी ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला, दुसऱ्या बाजूचं ऱ्हाइनमधून उत्तर समुद्राला मिळतं. हिवाळ्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात, नेमकी गरज असते तेव्हा, थोडं थोडं द्यायचं, हे हिमनदीचं काम. आपण नाही का डाळीच्या डब्यात अडीनडीला पैसे ठेवत? तसंच.

हा डबा आता झपाट्यानं रिकामा होतोय. दीडशे वर्षांत आलेच तीन किलोमीटरहून जास्त मागं हटली आहे. 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचा दहा टक्के बर्फ वितळला. आधी 1960 ते 1990 या तीस वर्षांत गेला होता, जवळजवळ तेवढाच!

डोंगराच्या पलीकडच्या फीश परिसरातल्या गावकऱ्यांची हकीकत तर विलक्षण आहे. हिमनदी वाढायची, तिच्या काठच्या तळ्याचं पाणी फुटून गावात शिरायचं. म्हणून 1678 मध्ये त्यांनी नवस केला, की हिमनदी मागं हटू दे. पुढं तिच्यासाठी मिरवणूकही निघू लागली. ती इतकी मागं हटली, की प्रार्थना बदलायची वेळ आली! 2009 मध्ये त्यांनी पोपकडे परवानगी मागितली आणि 2010 मध्ये ती मिळाली. आता ते हिमनदी वाचू दे, म्हणून हात जोडतात.

तिथल्या आजीबाई मात्र हात जोडून थांबल्या नाहीत. 2016 मध्ये ज्येष्ठ महिलांनी एक संघटना काढली. ‘उष्णतेच्या लाटांचा सर्वांत जास्त धोका आम्हा म्हाताऱ्या बायकांना आहे आणि सरकार पुरेसं काही करत नाही,’ असं त्यांचं म्हणणं. देशातल्या न्यायालयांनी दाद दिली नाही, तेव्हा त्या स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि 9 एप्रिल 2024 ला जिंकल्या. यातल्या अनेकींना तरुणपणी देशाच्या निवडणुकीत मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना तो मिळाला थेट 1971 मध्ये!

परत आल्यावर बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं. एकजण म्हणाली, ‘‘ताई, त्यांचा बर्फ वितळला, आपल्याला काय त्याचं?’’ मी काही बोलायच्या आतच कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, ‘‘काय म्हणजे? माझ्या सासूच्या वेळी आमच्या विहिरीचं पाणी वाकून हातानं घ्यायचे. मी दोरानं शेंदलं. सुनेनं मोटर लावली. आता नातसून टँकरची वाट बघते. आटतं ते असंच, कुणाच्या ध्यानात न येता.’’

सगळ्या गप्प झाल्या. मग ठरलं, की येत्या ग्रामसभेला बायकांनी जायचं आणि नव्या बोअरच्या खोलीचा, विहिरीच्या गाळाचा प्रश्न विचारायचा. चौदाजणींनी नावं दिली आहेत. त्या आजींचं नाव यादीत सर्वांत वर आहे.