बंद दारामागचें मूल

मिहानच्या आसपास गेल्या कांहीं वर्षांत उंच इमारती उठल्या, दारें भक्कम झालीं. शेजारधर्म मात्र क्षीण झाला. जवळच्याच बेसा भागांत सन २०२३ मध्यें घरकामास ठेवलेली एक अल्पवयी मुलगी बंद घरांत कोंडलेली सांपडली. मालक परगांवीं गेले होते. तिच्या अंगावर चटक्यांचे डाग होते. थकलेल्या बिलापायीं वीज तोडावयास आलेल्या माणसास ती खिडकींत दिसली, असें त्या वेळीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. बिल वेळेवर भरलें असतें तर? या प्रश्नानें आम्हां सर्वांची मान खालीं जावी.

अमेरिकेंतील डॉक्टर हेन्री केंप यांनीं सन १९६२ मध्यें दाखवून दिलें कीं, मुलाचें शरीरच साक्ष देतें; ती वाचतां आली पाहिजे. खेळतांना पडलेल्या मुलास गुडघ्यास, नडगीस, कपाळास लागतें. कान, मान, पोट, पाठ यांवरील काळेनिळे डाग संशयास्पद होत. रांगूंहि न लागलेल्या तान्ह्याच्या अंगावर वळ दिसला तर एक घटकाहि दवडूं नये. विडीचे वाटोळे चटके, दर वेळीं बदलणारी हकीकत, उपचारास लावलेला विलंब, हींहि लक्षणेंच. उपाशी ठेवलेलें मूल प्रथम रडतें, पुढें रडेनासें होतें. तें शहाणें झालें असें कोणी समजूं नये.

दारिद्र्य आणि हयगय एक नव्हेत. गरीब आई स्वतः उपाशी राहून मुलास घांस देते. तिला साह्य हवें, पोलीस नव्हे. पण भरल्या घरांत एकच मूल सुकत असेल, तर तो अपराध होय.

“दुसऱ्याच्या घरांत आपण कां पडावें?” असें कित्येक सद्गृहस्थ विचारतात. आग लागली असतां हा प्रश्न कोणी करीत नाहीं. १४ वर्षांखालील मुलास घरकामास ठेवणें सन २००६ पासून निषिद्ध आहे, आणि ताब्यांतील मुलाचा छळ किंवा हेळसांड करणें हा सन २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७५ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. खात्री करून घेणें हें आपलें काम नव्हे. संशय कळविणें एवढेंच आपलें काम.

दूधवाला, वाणी, पहारेकरी, वैद्य, शिक्षक यांची नजर त्या दारापर्यंत पोंचते. मुलास मालकासमक्ष प्रश्न विचारूं नये, मालकास जाब विचारून सावधहि करूं नये. १०९८ या क्रमांकावर, आणि प्राणावर बेतलें असल्यास ११२ वर, तत्काळ कळवावें. पुढच्या मुलाचा प्राण वीजबिलावर सोंपवूं नये, इतकीच आमची विनंति.