कॅन्सरमध्ये माणूस का वाळतो?

कॅन्सरच्या पेशंटला भेटून आलेला माणूस हमखास म्हणतो, "अगदी हाडांचा सापळा झालाय हो!" पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "खातच नाही, मग काय होणार?" हे दुसरं वाक्य अर्धंच खरं आहे. कसं ते सांगतो. मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या!

या वाळण्याला कॅकेक्सिया म्हणतात. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'वाईट स्थिती'. 2011 साली तज्ज्ञांनी त्याची व्याख्या ठरवली. सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त वजन आपोआप घटलं, तर तो कॅकेक्सिया. म्हणजे 60 किलोच्या माणसाचे तीन किलोहून जास्त. उपाशी माणसाची आधी चरबी जाते, शरीर स्नायू जपून वापरतं. इथे मात्र स्नायूसुद्धा झपाट्याने वितळतात, आणि नुसतं जास्त खाऊ घालून ते पूर्ण भरून येत नाहीत.

असं का होतं? ट्यूमरमुळे शरीरात सूज आणणारी रसायनं वाढतात. त्यातल्या टीएनएफ या रसायनाला 1980च्या दशकात 'कॅकेक्टिन' असंच नाव होतं. ही रसायनं स्नायूंमधले काही जीन्स चालू करतात आणि स्नायूंची प्रथिनं तुटायला लागतात. दुसरीकडे जीडीएफ-15 नावाचं प्रथिन रक्तात वाढतं. मेंदूच्या तळाशी त्याचा रिसेप्टर आहे, तो 2017 साली सापडला. तिथे सिग्नल पोचला की भूक मरते, मळमळतं.

माझ्या मोठ्या मामांच्या आजारपणात मामी ताट घेऊन बसायची आणि मामा तोंड फिरवायचे. मामीला वाटायचं हे हट्ट करतायत. पण तो हट्ट नव्हताच, भुकेचं बटणच बंद झालं होतं.

आता जीन्सचा प्रश्न. एकच कॅन्सर, एकच स्टेज, तरी एक पेशंट वाळतो आणि दुसरा टिकतो. याचं थोडं उत्तर जन्मजात जीन्समध्ये आहे. पी-सिलेक्टिन हे सुजेशी संबंधित प्रथिन. त्याच्या जीनमध्ये एक ठरावीक फरक असलेल्या पेशंटना वजन घटण्याचा धोका कमी दिसला, असं 2012 साली एका अभ्यासात आढळलं. इंटरल्युकिनच्या जीन्सबद्दलही असेच अभ्यास झालेत. पण कुठलाही एकटा जीन सगळं ठरवत नाही.

वाळणं आणि जगणं यांचा संबंध किती जवळचा? 2010 साली उंदरांवर एक प्रयोग झाला. स्नायूंची वाढ रोखणारा सिग्नल अडवला. ट्यूमर लहान झाला नाही, तरी स्नायू परत आले आणि उंदीर जास्त दिवस जगले! माणसांमध्ये 2024 साली जीडीएफ-15 अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब औषधाची 187 पेशंटवर 12 आठवडे चाचणी प्रसिद्ध झाली. सर्वांत मोठ्या डोसच्या गटाचं वजन, खोटं औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत, साडेपाच टक्क्यांच्या आसपास जास्त भरलं. आयुष्य वाढतं का, हे मात्र त्या चाचणीने सिद्ध झालेलं नाही.

तोवर आपण काय करायचं? घरी कोणी आजारी असेल तर दर आठवड्याला वजन लिहून ठेवा आणि घटायला लागताच डॉक्टरांना सांगा, सापळा होईपर्यंत थांबू नका. थोडं थोडं, आवडेल ते द्या. आणि "खात नाहीस म्हणून असं झालं" हे वाक्य कृपया कोणालाही ऐकवू नका.