साक्षीदाराची कैफियत

कॅडबरी नाक्यावरून पोखरण रस्ता क्रमांक १ धरून उपवनच्या तलावाकडे निघालेल्या वाटसरूस वर्तकनगर लागते. एका अंगास १९२५ साली उभी राहिलेली रेमंडची लोकरगिरणी, दुसऱ्या अंगास १९६२ साली राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने जेथे श्रीगणेशा केला ती वागळे इस्टेट, आणि त्यांच्या शेजारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींतून पाळ्यांच्या वेळापत्रकावर चालणारे संसार, असे या वस्तीचे मूळचे रूप. अशा संसारांत आईबापांचा कलह ऐकत वाढलेल्या किशोरवयीन मुलांच्या मनास जी इजा होते, तिची दखल समाजाने व सरकारने केव्हा आणि कितपत घेतली, याचा मागोवा घेण्याचे येथे योजिले आहे.

ठाण्याचे नाव मनोविकारांशी जोडले गेले ते १९०१ सालच्या मनोरुग्णालयामुळे. एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही असे सुचवावयाचे झाल्यास ‘याला ठाण्याला पाठवा’ असे म्हणण्याची वहिवाटच महाराष्ट्रात पडून गेली. आणि ज्यांचा मुक्कामच ठाण्यात, त्यांना तर ही थट्टा अधिकच झोंबत असली पाहिजे. मुलगा रात्र रात्र जागतो, जेवणावरून उठतो, अभ्यासातून त्याचे लक्ष उडाले आहे, हे दिसत असूनही त्यास मनाच्या वैद्याकडे नेण्यास पालक का कचरत आले, याचे एक कारण या तीन शब्दांत आहे.

घरातील कलहाची फिर्याद सरकारदरबारी ऐकून घेण्याची स्वतंत्र तजवीज झाली ती पुष्कळ उशिरा. १९८४ साली कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला, त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या कार्यालयात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि १९८९ साली पुणे व मुंबई येथे कुटुंब न्यायालये उघडून तेथे विवाह समुपदेशक बसू लागले. तथापि या साऱ्या व्यवस्थेत मूल आले ते ‘ताबा’ या शब्दाच्या पोटात. म्हणजे घराचा, जमिनीचा, तसाच मुलाचा ताबा. १८९० सालच्या पालकत्वाच्या कायद्याने जाणत्या वयाच्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा न्यायाधीशास दिली होती खरी. परंतु कोणाजवळ राहावयाचे, एवढाच तो प्रश्न. खटला दाखल होण्यापूर्वीच्या रात्री त्याने कशा काढल्या, हे विचारण्याची तरतूद त्यात नव्हती.

विलायतेत मायकेल रटर यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दाखविले की, आईबापांचा वियोग मुलास जितका बाधतो त्याहून त्या वियोगाच्या मागेपुढे धुमसणारा कलह अधिक बाधतो. ‘मुलांसाठी म्हणून आम्ही एकत्र राहिलो’ हे आपल्याकडील पुष्कळ दांपत्यांचे समाधान या निष्कर्षापुढे टिकत नाही. एकत्र राहून रोज भांडणाऱ्या घरातील मूल काही कमी होरपळत नाही. त्यातही बारा-तेरा वर्षांचे मूल एक विलक्षण हिशेब मांडते: भांडण माझ्या फीवरून निघाले, माझ्या गुणांवरून वाढले, तेव्हा दोषी मीच.

हा हिशेब सोडविण्याचे काम ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने, म्हणजे ‘आयपीएच’ने अंगावर घेतले. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राच्या प्रारंभीच्या कार्यात नाडकर्णी सहभागी होते, आणि व्यसन हे एकट्या पिणाऱ्याचे दुखणे नसून अवघ्या घराचे असते, हा तेथील धडा कलहाच्या घरांसही लागू पडणारा होता. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजविली होतीच. तिच्या साहाय्याने ‘दोषी मीच’ हा समज मुलास स्वतःच तपासून पाहता येऊ लागला. १९९१ पासून याच संस्थेच्या ‘वेध’ या व्यवसायपरिचय परिषदेच्या निमित्ताने विद्यार्थी आणि पालक एका सभागृहात बसू लागले. ज्या गावाचे नाव थट्टेने घेतले जाई, त्याच गावी मनाचा सल्ला घेणे ही चारचौघांत सांगण्याजोगी गोष्ट होऊ लागली.

सरकारी दफ्तरात किशोरवयाची स्वतंत्र नोंद झाली ती २०१४ सालच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आपल्या राज्यातील सरकारी रुग्णालयांतून ‘मैत्री’ केंद्रे निघाली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मनोविकार आढळले. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र मात्र नव्हता. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क सर्वांस दिला, पण अज्ञान मुलाचा प्रतिनिधी म्हणून प्रथम पालकासच नेमले. म्हणजे ज्यांच्याविषयी गाऱ्हाणे, त्यांच्याच सहीची अपेक्षा. पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असल्यास दुसरा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार कायद्याने त्याखालील पुनर्विलोकन मंडळास दिला आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाने त्या मंडळापर्यंत पोहोचावे कसे?

दरम्यान वर्तकनगरही पालटले. २००९ च्या सुमारास गिरणी थांबली, आणि जुन्या इमारतींच्या जागी मनोरे चढू लागले. जुन्या घरांत भांडण भिंतीपलीकडे ऐकू जाई. शेजारची काकू मुलास हाताला धरून आपल्याकडे जेवायला नेई आणि दुसऱ्या दिवशी नळावर तीच गोष्ट चारजणींना सांगे. त्या आधारास चव्हाट्याची किंमत पडत असे, हे विसरून जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. नव्या घरांत चव्हाटा गेला, पण त्याबरोबर काकूही गेली. २०२० च्या टाळेबंदीत शाळा हे मुलाचे उरलेसुरले आश्रयस्थानही बंद झाले.

या साऱ्या वाटचालीचा माझा निवाडा एवढाच की, सोयी वाढल्या, परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात अद्याप मूलच उभे आहे. ‘याला समजावा’ म्हणून पालक त्यास समुपदेशकाकडे सोडतात आणि स्वतः बाहेर थांबतात. वस्तुतः ते मूल त्या घराचे साक्षीदार असते आणि त्याचे आजारपण हीच त्याची साक्ष. एमी वर्नर यांनी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला, तेव्हा बिकट घरांतूनही जी मुले सावरली, त्यांपैकी बहुतेकांच्या पाठीशी एखादे तरी स्थिर, मायेचे वडीलधारे माणूस होते असे आढळले. ते माणूस मावशी असेल, वर्गशिक्षक असेल, वरच्या मजल्यावरचे आजोबा असतील. त्यांनी ऐकून घ्यावे आणि ऐकलेले नळावर नेऊ नये. २०२२ पासून १४४१६ ही मानसिक आरोग्याची ‘टेलिमानस’ आणि त्याहून जुनी १०९८ ही बालकांची सेवा दूरध्वनीवर आहे, हे आकडे मुलांस पाठ असू द्यावेत. आणि पालकांस विनंती ही की, मुलाला समुपदेशकाकडे न्याल तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहू नका. आपल्यासाठीही वेळ मागून घ्या.