चिलट गिळले तर?

पहाटे बांधावरून झपझप चालताना चिलट घशात जाते आणि आपण थू थू करीत बसतो. भिऊ नका, ते पचते. पोषण मात्र नावालाच! डासाएवढा किडा भरतो सुमारे २ मिलिग्रॅम. त्यातले प्रथिन अर्धा मिलिग्रॅमही नाही. माणसाला रोज ५० ग्रॅम तरी हवे, म्हणजे लाखाहून अधिक चिलटे!

मुद्दाम मूठभर खाणे वेगळे. तेलंगणात पावसाळ्याच्या तोंडी दिव्याभोवती जमणारी पंखवाली वाळवी, ‘उसिळ्ळू’, भाजून खातात; तीत प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर. संत योहान बाप्तिस्ताचे टोळ आपल्याला ठाऊकच आहेत. कोळंबी ज्याला सोसत नाही, त्याने मात्र किड्यांच्या वाटेला जाऊ नये.

मधमाशी घशात डसली तर घसा सुजून श्वास कोंडतो. लगेच दवाखाना गाठा. आणि फवारलेल्या कपाशीतली वाळवी पोरांना वेचू देऊ नका, भाजल्याने विष जाईल असे समजू नका.