घरगुती संगणकाचे पॉवर्ड स्पीकर

पॉवर्ड स्पीकर म्हणजे ज्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो, असा ध्वनिवर्धक होय. संगणकातून निघणारा ध्वनिसंकेत इतका क्षीण असतो की त्याच्या बळावर इयरफोन वाजतो, पण स्पीकरचा पडदा पुरेसा हलत नाही. तो संकेत वाढवण्याचे काम पेटीतील अ‍ॅम्प्लिफायर करतो. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात असे स्पीकर काही शे रुपयांपासून कित्येक हजार रुपयांपर्यंत मिळतात. खोक्यावर छापलेले आकडे आणि प्रत्यक्ष ऐकू येणारा आवाज यांचा संबंध मात्र अनेकदा फार थोडा असतो. त्यामुळे स्पीकरची निवड कानाने करावी लागते.

रचना

चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा ही आजच्या बहुतेक स्पीकरांची रचना आहे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये तिला आजचे रूप दिले. १९८१ च्या आयबीएम संगणकात केवळ ‘बीप’ असा सूचक आवाज काढणारा छोटा स्पीकर होता. १९८९ मध्ये ‘साउंड ब्लास्टर’ हे साउंडकार्ड बाजारात आले आणि त्यानंतरच्या काळात संगणकाशेजारी स्पीकरची जोडी ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

‘पॉवर्ड’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ हे शब्द दुकानात एकाच अर्थाने वापरले जातात. काटेकोरपणे पाहता, अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये उंच व खालचे स्वर आधी वेगळे केले जातात आणि प्रत्येक पडद्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असतो.

वॉटचा आकडा

खोक्यावरील ‘पीएमपीओ’ हा आकडा हजारांत असला तरी त्याच्या मोजमापाची सर्वमान्य रीत नाही, म्हणून तो विचारात घेऊ नये. ‘आरएमएस’ हा सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा त्या मानाने विश्वासार्ह असतो. त्याचीही पडताळणी ग्राहकाला दुकानातच करता येते. स्पीकरच्या पाठीवर किंवा अ‍ॅडॉप्टरवर विजेचे प्रमाण छापलेले असते. अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्ट व १.५ अ‍ॅम्पिअर असे लिहिले असेल, तर त्यातून १८ वॉट वीज मिळते. त्याहून अधिक शक्ती स्पीकर सतत देऊ शकत नाही. संगणकाच्या साध्या यूएसबी २.० खाचेतून अवघे २.५ वॉट मिळतात.

तेवढेही टेबलावर पुष्कळ असतात. एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर ८५ डेसिबल आवाज देणारा स्पीकर सामान्य समजला जातो, आणि संगणकासमोर बसणारा माणूस मीटरभरही दूर नसतो. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट शक्ती लागते. दहा वॉटऐवजी वीस वॉटचा स्पीकर घेणाऱ्याला म्हणूनच फारसा फरक जाणवत नाही. पैसे जास्त द्यायचेच असतील, तर ते चांगल्या पडद्यासाठी व भक्कम पेटीसाठी द्यावेत.

खर्ज

लहान स्पीकरची खरी अडचण खालच्या स्वरांत येते. एक सप्तक खाली उतरल्यावर तेवढाच आवाज काढण्यासाठी पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. दोन इंची पडद्याला ते झेपत नाही. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला, तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. लहान स्पीकरमधून तो मूळ स्वर जवळजवळ निघतच नाही. वरच्या स्वरांशांवरून कान तो ओळखतो, त्यामुळे खर्ज ‘कळतो’, पण त्याचे वजन जाणवत नाही.

यावर उपाय म्हणून ‘२.१’ पद्धतीचे संच मिळतात. त्यांत दोन लहान स्पीकरांसोबत खालच्या स्वरांसाठी सबवूफर नावाची वेगळी पेटी असते. स्वस्त संचांत ही पेटी १५० हर्ट्झच्याही वरचे स्वर वाजवू लागते. मग गायकाचा अर्धा आवाज टेबलावरून आणि अर्धा टेबलाखालून येतो. अशा पेटीची परीक्षा तबल्याच्या डग्ग्यावर करावी. चांगल्या स्पीकरमध्ये ‘घे’ वाजवताना मनगटाच्या दाबाने चढणारा स्वर स्पष्ट ऐकू येतो, तर वाईट सबवूफरमध्ये प्रत्येक ‘घे’ एकसारखा ‘धुम्म’ वाजतो. साध्या वापरासाठी असा सबवूफर घेण्यापेक्षा त्याच किमतीत चार इंची पडद्यांची साधी जोडी घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

शब्दांचा स्पष्टपणा

विद्यार्थ्यासाठी स्पीकरचे पहिले काम संगीत नसून व्याख्यान ऐकवणे हे असते. स, श, च यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारी ऊर्जा बरीचशी २ ते ८ किलोहर्ट्झ या पट्ट्यात असते. स्वर ऐकू आले आणि व्यंजने पुसट झाली, तर आवाज मोठा असूनही वाक्य कळत नाही. मराठीत तालव्य व दंततालव्य उच्चारांचा भेद असल्याने परीक्षा सोपी आहे. दुनिया या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप ‘जग’ हे दोन उच्चार डोळे मिटून वेगळे ओळखता आले पाहिजेत.

दुकानातील परीक्षा

दुकानदार बहुधा ठेका जोरात असलेले गाणे मोठ्या आवाजात लावून दाखवतात. ग्राहकाने स्वतःच्या परिचयाचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे: एखादे भाषण, तानपुऱ्यासह ख्याल, आणि थोडा तबला. नागपुरात संगीताचे शिक्षण घेतलेले वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांचे गायन या कामी उत्तम आहे. त्यांच्या वेगवान तानांतील स्वर सुटे ऐकू येतात की एकमेकांत मिसळतात, यावरून स्पीकरची पारख पटकन होते. दोन संचांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवावा, कारण थोडा मोठा वाजणारा संच कानाला नेहमी सरस वाटतो. काहीही न वाजवता बटन पूर्ण वर नेऊन खरखर किती येते, हेही ऐकावे. अ‍ॅडॉप्टरवर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण आहे ना, ते पाहणे सुरक्षिततेच्या दृष्टीने आवश्यक आहे.

खोली आणि कूलर

दुकानात आवडलेला स्पीकर घरी वेगळा वाजतो. सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज परतवतात. जाड पडदा, सतरंजी किंवा पुस्तकांचे भरलेले कपाट यांनी फरक पडतो. स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास खालचे स्वर घुमतात. दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि उंच स्वरांचा पडदा कानाच्या पातळीवर यावा. टेबलावर पेट्या किंचित मागे कलत्या ठेवल्या तरी चालते.

नागपूरच्या उन्हाळ्याची अडचण निराळी आहे. पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा कूलर दिवसरात्र चालतो आणि त्याच्या घरघरीत हळू आवाजातील तपशील बुडतो. मग ऐकणारा बटन वाढवत नेतो, स्पीकर फाटू लागतो आणि दोष स्पीकरला दिला जातो. अशा वेळी स्पीकर जवळ ओढून घेणे हा आवाज वाढवण्यापेक्षा बरा मार्ग आहे. कूलरची ओलसर हवा थेट पेटीवर येऊ देऊ नये. पडद्याची कड फोमची असेल तर ती काही वर्षांनी झिजून तुटते. रबरी कड अधिक टिकते.

वीज व गुणगुण

लॅपटॉप चार्जिंगला लावताच स्पीकरमधून गुणगुण सुरू झाली आणि चार्जर काढताच ती थांबली, तर बहुधा अर्थिंगच्या दोन वाटांमुळे वर्तुळ तयार झालेले असते. स्पीकर व संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर जोडल्यास ती पुष्कळदा जाते. न गेल्यास बाहेरील यूएसबी साउंडकार्ड किंवा ग्राउंड लूप आयसोलेटर वापरता येतो. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. तो धोकादायक आहे. पेटीत बिघाड झाल्यास धातूच्या भागात वीज उतरू शकते.

ब्लूटूथने तार वाचते, पण आवाज किंचित उशिरा पोहोचतो. त्यामुळे चित्रफितीत बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द जुळेनासे होऊ शकतात. टेबलावरच्या स्पीकरला तारच बरी.

आवाजाची मर्यादा

केंद्र सरकारच्या ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ ही वेळ. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. फ्लॅटमध्ये सबवूफर थेट फरशीवर ठेवल्यास त्याची कंपने स्लॅबमधून खालच्या घरात उतरतात. पेटीखाली जाड रबरी चकत्या ठेवल्याने ती कमी होतात.